अर्ध्या वाटेचा धूर

उरुपानो तेआओ जन्मात कधी विमानात बसला नव्हता. पण खंडावरून, म्हणजे सांतियागोहून, आमच्या बेटाकडे निघालेलं विमान कुठल्या घटकेला कुठे असेल, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. साडेतीन हजारांवर आणखी अडीचशे किलोमीटर. साडेपाच तास. परत जाताना पाठीवर वारा, म्हणून तासभर कमी. आणि या सगळ्या वाटेत खाली नुसतं पाणी. एक खडक नाही, एक दिवा नाही. त्या साडेपाच तासांतला एकच क्षण त्याच्या लेखी खरा होता: पावणेतीन तास झाल्यानंतरचा. तोवर विमानाला मागे फिरता येतं. एकदा ती अर्धी वाट ओलांडली की मागे जायला इंधन पुरत नाही, आणि पुढे टेकायला जागा एकच. हांगा रोआ गावाला खेटून, समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरलेली माताव्हेरीची धावपट्टी.

ती धावपट्टी सरकारची होती, पण गाव तिला उरुपानोची म्हणायचं. याचं कारण घोडे. बेटावर मोकाट घोडे शेकड्यांनी, आणि पावसात चिखलाला कंटाळले की ते कोमट डांबरावर येऊन उभे राहायचे, जणू ते त्यांच्यासाठीच अंथरलंय. त्यांना तिथून हाकलणं हे उरुपानोचं काम. एक खिळखिळी जीप, गळ्यात शिट्टी, हातात पेरूच्या फांदीची काठी. तरुणपणी त्यानं बेट भाड्यानं घेतलेल्या कंपनीच्या मेंढ्या राखल्या, मग धावपट्टी झाली तेव्हा तिच्यासाठी दगड वाहिले, आणि पहिलं मोठं विमान उतरलं त्या दिवसापासून तो तिचा राखणदार झाला. गावातले टवाळ त्याला 'घोड्यांचा बिशप' म्हणत. तो चिडायचा नाही. उंच, रुंद, कपाळावर आठी घातलेला माणूस. लोकांना वाटायचं, याला भीती म्हणून ठाऊक नाही.

खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, पारापिनाला माहीत होतं. विमानाच्या दिवशी तो सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे. त्याचा थोरला भाऊ किही चौघा मित्रांबरोबर एका लहान होडीतून ताहितीकडे पळाला होता, तेव्हा उरुपानो पंधरा वर्षांचा होता. बेटाबाहेर जायची परवानगी नव्हती त्या काळी. जायचं तर असंच. होडी परत आली नाही, कुठे पोचल्याचंही कळलं नाही. आईनं एक वर्ष वाट पाहिली. मग एका सकाळी ती फावडं घेऊन अंगणात गेली आणि घरचा उमू तिनं मातीनं बुजवला. उमू म्हणजे जमिनीतली चूल: खड्ड्यात लाकडं पेटवायची, त्यावर दगड तापवायचे, मग मांस, रताळी, अळकुड्या केळीच्या पानांत गुंडाळून आत ठेवायच्या आणि वर माती ओढायची. पण आत काही न ठेवता, पेटत्या लाकडांवरच माती ओढली, तर तो स्वयंपाक नव्हे. समुद्रानं गिळलेल्या आणि प्रेत न मिळालेल्या माणसाचं आमच्याकडचं ते दफन. आई माती ओढत होती आणि आतून ठिणग्यांचा चर्र आवाज येत होता. तो आवाज उरुपानोच्या कानातून कधी गेला नाही.

आता विमानं आल्यापासून गावानं एक नवीच रीत लावून घेतली होती. आपलं माणूस खंडावरून येणार असलं, की त्यानं अर्धी वाट ओलांडली की घरचा उमू पेटवायचा. त्याआधी नाही, कारण विमान मागे फिरलं तर? विमान अर्ध्यावर आलं की टॉवरवरचा अधिकारी सेपुल्वेदा वरून ओरडायचा, आणि उरुपानो धावपट्टीच्या कडेच्या खांबावर तांबडं फडकं चढवायचा. मग एकेका अंगणातून धूर वर जायचा. आता ते माणूस आमचं, असं त्या धुराचं म्हणणं असायचं.

त्या वर्षी जुलैत पारापिना खंडावर होती. पोटातली गाठ काढायला मार्चमध्ये तिला विमानात घालून नेलं होतं; तेव्हा ती दुखण्यानं अर्धी बेशुद्ध होती, म्हणून भीती वाटायला सवडच मिळाली नाही. आता बरी झाली होती आणि भीतीही परत आली होती. गावात टेलिफोन एकच होता, तिथे उरुपानोला बोलावणं आलं.

"मी बोटीनं येते," ती पलीकडून म्हणाली. "सप्टेंबरात सामानाची बोट आहे. विचारलंय मी."

"अगं, बोटीला नऊ-दहा दिवस. तुझे टाके उसवतील लाटांनी. विमानाला साडेपाच तास."

"साडेपाच तास! असं म्हणतोस जणू चर्चपर्यंत जायचंय. तू बसलायस कधी?"

"नाही बसलो."

"मग?"

उरुपानोला त्या क्षणी काय झालं कोण जाणे. मागे रांगेत पाच-सहा माणसं कान टवकारून उभी होती, त्यांच्यासमोर तो मोठ्यानं म्हणाला, "उतरायची जागा माझी आहे, पारापिना. मी आहे तोवर तिथं तुला काही होणार नाही."

ती म्हणाली, "बघ हं. तुझ्या शब्दावर येतेय."

त्यानं रिसीव्हर ठेवला आणि रांगेतल्या कोणाकडे न बघता तो बाहेर पडला.

खंडावरच्या धुक्यामुळे दोन विमानं रद्द झाली. त्यामुळे गुरुवारी जे निघालं ते खच्चून भरलेलं होतं. त्यात गावातल्या तीसेक घरांची माणसं. बेटावर आठ दिवस पाऊस लागला होता. गुरुवारी सकाळी तो थांबला, पण वाराही त्याच्याबरोबर पडला. पान हलेना. उरुपानोनं दोनदा घोडे हाकलले आणि पावणेदहाला टॉवरखाली जाऊन उभा राहिला. वर सेपुल्वेदा कानाला यंत्र लावून बसला होता. हा खंडावरचा माणूस, तिशीतला, नेहमी इस्त्रीच्या शर्टात.

"कॅप्टन विचारतोय, हवा कशी?" तो खिडकीतून म्हणाला. "मी सांगितलं, ढग उंच, वारा नाही. पट्टी मोकळी ना?"

"मोकळी, साहेब."

"नक्की?"

"माझी बायको आहे त्यात."

सेपुल्वेदा हसला, आत वळला, आणि मिनिटभरानं त्यानं हात बाहेर काढून हलवला. "ओलांडलं!"

उरुपानोनं फडकं चढवलं. गावात एक धूर उठला, दुसरा, दहावा, विसावा. इतके धूर त्यानं एका वेळी कधी पाहिले नव्हते. सगळ्यांत जाड धूर त्याच्याच अंगणातून येत होता. तिथे पारापिनाची थोरली बहीण कारोरिना सूत्रं हातात घेऊन उभी होती. गावाला पुरेल एवढं वासरू कापलं होतं तिनं.

अकरापर्यंत तो घोड्यांच्या मागे होता. वर पाहायला फुरसत झाली तेव्हा धावपट्टीचं टोक दिसत नव्हतं. पांढरं काहीतरी खाली उतरलं होतं. साडेअकराला टॉवरही अंधुक झाला. लोक हार घेऊन विमानतळाच्या कुंपणाशी जमू लागले होते. त्यांचं हसणं ऐकू यायचं, माणसं दिसायची नाहीत.

साडेबाराला आवाज आला. आधी समुद्राच्या बाजूनं बारीक गुणगुण, मग जवळ, मग एकदम डोक्यावर, इतका मोठा की जीपचा पत्रा थरथरला. पांढऱ्यातून चाकं दिसली. नुसती चाकं, वर विमान नसल्यासारखी. चाकं तशीच क्षणभर पुढे सरकली आणि मग इंजिनं किंचाळली, चाकं वर गेली, आवाज दूर दूर जात नाहीसा झाला. कुंपणाशी एका बाईनं "येसू" एवढंच म्हटलं.

"त्याला पट्टी दिसली नाही," सेपुल्वेदा वरून म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "पुन्हा येईल. इंधन आहे. घिरट्यांसाठी वेगळं आणतात."

"किती?"

"सव्वा तासाचं."

"आणि मग?"

सेपुल्वेदानं घड्याळ पाहिलं. "घोडे बघा, उरुपानो. तेवढं तरी बघा."

दुसऱ्यांदा विमान आलं ते दिसलंही नाही. नुसता आवाज खाली आला, कापरा झाला, वर गेला. त्यात पारापिना कुठे बसली असेल? खिडकीशी? तिला कोणी काही सांगितलं असेल का? की ती आताही सगळ्यांना सांगत असेल, खाली माझा नवरा आहे? उरुपानो जीप घेऊन पूर्वेच्या टोकाकडे निघाला. घोडे तिकडेच असणार. दिवे लावले, शिट्टी वाजवत राहिला, आपल्याच शिट्टीनं दचकला.

आणि पट्टीच्या शेवटाकडे जीप पांढऱ्यातून बाहेर पडली.

ऊन होतं. समुद्र निळा होता, क्षितिजाची रेघ सुरीनं कापल्यासारखी. त्या रेघेच्या वर, स्वच्छ आकाशात, विमान वळत होतं. पंख चमकत होता. उरुपानो जीपच्या टपावर चढला आणि त्यानं मागे पाहिलं. गाव, टॉवर, जवळजवळ सगळी पट्टी, यांच्यावर एक जाड, सपाट, करडी चादर पसरली होती, आणि ती चादर खालून वाढत होती. त्यानं नाक वर केलं. पेरूच्या ओल्या लाकडाचा वास. विमानाच्या दिवशी तो गावभर असायचाच, म्हणून कोणाच्या लक्षात आला नव्हता.

हा ढग नव्हता. आठ दिवस भिजलेलं सरपण दगड तापवीना, म्हणून तीस घरांत तीन तास लाकडावर लाकूड घातलं जात होतं, आणि वारा नसल्यानं तो धूर दमट हवेखाली कोंडून पट्टीवर बसला होता. त्यानंच फडकं चढवलं होतं. त्याच्याच हातानं.

तो टॉवरशी पोचला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. "साहेब, ढग नाही! आमच्या चुली आहेत! पलीकडे ऊन आहे!"

सेपुल्वेदानं त्याच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. मग त्यानंही वास घेतला. "विझवा," तो म्हणाला. "सगळ्या. पन्नास मिनिटं आहेत. त्यानंतर पट्टी दिसो न दिसो, तो खाली येणार. पट्टीवर नाहीतर पाण्यात."

"पाणी टाकलं तर वाफ होईल," उरुपानो म्हणाला. "दगड फुटतील."

"मग माती टाका!"

खंडावरच्या माणसाला ते सोपं वाटलं.

उरुपानो आधी आपल्या अंगणात गेला. कारोरिना डोळे पुसत लाकडं सारत होती. काजळीनं तोंड काळं, केसांत पारापिनासाठी फुलं खोवलेली. त्यानं फावडं उचललं तशी ती मध्ये आली.

"काय करतोस?"

"धूर बंद करतो. विमानाला आपला धूर आड येतोय."

"जेवण ठेवल्यावर कर की बंद. दगड तापू देत."

"वेळ नाही. अशीच माती टाकायची."

कारोरिनाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा असा झाला की उरुपानोला तिच्याकडे बघवेना. "जिवंत आहे ती," ती हळू म्हणाली. "वर आहे. ऐकू येतोय आवाज. आणि तू तिचा उमू पुरणार? रिकामा?"

"बाजूला हो, नुआ." मोठ्या बाईला आम्ही असंच म्हणतो, एरवी तो तिला नावानं हाक मारायचा.

"तुझ्या आईनं किहीचा पुरला तेव्हा तू इथंच उभा होतास. तुला माहीत आहे हे काय असतं. मारशील रे मेल्या तिला! माझी बहीण मारशील!"

वरून आवाज पुन्हा जवळ आला, घिरटी घालून गेला. उरुपानोला वाटलं, समजा, माती टाकली आणि धूर हटलाच नाही. किंवा हटला आणि तरीही काही झालं. मग आयुष्यभर कोण ठरवणार, विमानानं मारलं की मी? त्यानं कारोरिनाला खांद्याला धरून बाजूला केलं. ती त्याच्या हाताला चावली. त्यानं माती टाकली. पहिल्या फावड्याला आतून चर्र आवाज आला. पन्नास वर्षांपूर्वीचा. तो ऐकू येऊ नये म्हणून उरुपानो मोठमोठ्यानं काहीतरी बोलत राहिला. नंतर शेजारी सांगत, तो अंतरच म्हणत होता: तीन हजार सातशे पन्नास, तीन हजार सातशे पन्नास.

धूर थांबला. कारोरिना जमिनीवर बसली होती. तो फावडं घेऊन शेजारी गेला. तिथला म्हातारा पापियानो, गावाचा 'कोरो' म्हणजे आजोबा, काठी घेऊन चुलीसमोर उभा. "माझा पोरगा आहे त्यात. जा इथून."

"कोरो, पाया पडतो."

"पड. पण माती पडणार नाही."

तेवढ्यात मागून कारोरिना आली. केसांतली फुलं गळली होती, हातात फावडं होतं. ती उरुपानोकडे न बघता म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. "मी माझी बहीण पुरली, पापियानो," ती म्हणाली. "आता तू तुझा मुलगा पूर. चल."

म्हाताऱ्यानं तिच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं. काठी खाली केली. माती त्यानं स्वतःच्या ओंजळीनं टाकली, दुसऱ्या कोणाला टाकू दिली नाही.

मग गावात धावाधाव सुरू झाली. लोक हार टाकून कुंपणाकडून पळत आले. कोणी रडत होतं, कोणी शिव्या देत होतं, कोणी माती टाकताना विमानातल्या माणसाचं नाव घेऊन "हे दफन तुझं नाही रे, तुझं नाही" म्हणत होतं. एकेक धूर खुंटत गेला. पण वारा नव्हता. चादर तशीच होती. आणि दीड वाजायच्या सुमारास आवाज बंद झाला.

उरुपानो रस्त्याच्या मध्ये उभा राहून ऐकत होता. कुत्रं भुंकलं. समुद्र. बाकी काही नाही. त्याला वाटलं, ओरडावं, पण कोणाला?

मग त्याला आठवलं, अर्धा तास झाला, पट्टीवर कोणीच नाही.

तो जीप पळवत गेला. नवा धूर थांबल्यावर चादर विरू लागली होती खरी, फाटक्या कापडासारखी. मधूनमधून डांबर दिसत होतं, आणि बरोबर मधोमध अकरा घोडे, ओल्या अंगातून वाफा काढत. शिट्टीला ते हलेनात. तो खाली उतरून हातवारे करत, दगड मारत त्यांच्यात घुसला. एका शिंगरानं त्याच्या मांडीवर लाथ झाडली. शेवटची घोडी कडेच्या गवतात गेली तेव्हा टॉवरच्या बाजूनं सेपुल्वेदाचा कर्णा ओरडला: "तो समुद्रावरून लांब वळून सरळ येतोय! मोकळी का? उरुपानो! मोकळी का?"

त्यानं दोन्ही हात वर केले. मोकळी. पुन्हा तोच शब्द. तो देताना त्याला इतकी भीती वाटली की डोळे मिटले.

विमान त्याच्यावरून गेलं. रबर जळाल्याचा वास आला. डोळे उघडले तेव्हा ते पट्टीच्या दुसऱ्या टोकाला सावकाश वळत होतं, भाजी आणायला निघालेल्या बाईसारखं निवांत.

जिन्यावरून उतरणाऱ्यांना हार घालायला कोणी नव्हतं. नुसती मातीनं भरलेली, काळी तोंडं कुंपणाला लटकली होती आणि ढसढसा रडत होती. पारापिना बारीक झाली होती. तिनं नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याच्या हातावरचे दातांचे वण पाहिले. "कारोरिना चावली ना?" ती म्हणाली.

लंगडत तो तिच्या बाजूनं चालत राहिला.

संध्याकाळी घरी पाव आणि डब्यातली मासळी होती. कारोरिना बहिणीला चिकटून बसली होती आणि दर थोड्या वेळानं तिचा दंड चिमटीत धरून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "आम्ही तुला पुरलं गं," ती म्हणाली आणि हुंदका दाबला.

"माहीत आहे," पारापिना म्हणाली.

कारोरिनानं तिचा दंड सोडला.

"वर लख्ख ऊन होतं. खाली निळं पाणी, आणि आपल्या गावावर फक्त ही गोधडी. पहिल्या फेरीलाच मी ओळखलं. शेजारच्या बाईला म्हटलं, हा धूर आहे, माझी बहीण नेहमी ओलं लाकूड घालते. त्या विमानातल्या मुलीलाही सांगितलं. ती गोड हसली नि म्हणाली, मावशी, पट्टा बांधा." पारापिना पावाचा तुकडा बोटांत फिरवत होती. "मला धुराची भीती नव्हती वाटली. मी विचार करत होते, खालची माणसं काय करतील? चुलीवर माती टाकली की मी वाचते. आणि मला माहीत होतं, आपलं एकही माणूस ते करणार नाही. कारोरिना तर मेली तरी करू द्यायची नाही. आणि तू..." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तू सगळ्यांत घाबरट. सव्वा तास मी तेच बघत होते खाली. एक धूर कमी होतोय का. आणि सगळ्यांत आधी आपल्याच अंगणातला जाड धूर थांबला."

कारोरिनानं उरुपानोपुढे पावाचा तुकडा सरकवला.

"जानेवारीत डॉक्टरांनी परत बोलावलंय," पारापिना मग म्हणाली. "मी बोटीचं नाव काढणार नाही. पण एकटी जाणार नाही. तू येशील."

"मी?" उरुपानोचा हात टेबलावरच थांबला. "आणि घोडे?"

"मी हाकलीन घोडे," कारोरिना म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरे हाकलीन."

त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, नखांतल्या मातीकडे. मग खिडकीकडे, तिच्या पलीकडच्या काळ्या पाण्याकडे. साडेचार तास जायला. त्यातले सव्वादोन झाल्यावर मागे फिरता येणार नाही.

"खिडकीशी कोण बसणार?" त्यानं विचारलं.

"तू," पारापिना म्हणाली. "मी पाहिलं तेवढं पुरे."